छोट्या गाडीने कुंझुम ओलांडून मनालीला उतरावे, की आल्या वाटेने परतावे?

उंबरठा

नमस्कार. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी, पत्नी आणि माझे वडील असे तिघे जण स्वतःच्या गाडीने हिमाचलमधल्या स्पितीला निघणार आहोत. जाताना शिमला, नारकंडा, कल्पा, नाको आणि ताबो असे मुक्काम करत काझाला पोहोचायचे, एवढे ठरले आहे. प्रश्न आहे तो परतीचा. काझाहून लोसर, कुंझुम खिंड, बातल, छतरू आणि ग्राम्फू या मार्गाने मनालीला उतरावे, की किन्नौरमधून आलो तसेच मागे फिरावे, यावर घरात पंधरा दिवस चर्चा चालू आहे. आमची गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. कागदावर तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची, १७० मिलिमीटर असला तरी तिघे आणि सामान भरल्यावर तो किती उरेल, हे सांगायला नकोच.

आता वडिलांविषयी. त्यांचे वय ६७ आहे, प्रकृती उत्तम आहे आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. ते एसटीत ३१ वर्षे चालक होते, त्यामुळे कुंभार्ली, आंबेनळी आणि वरंध घाट त्यांना तळहातासारखे पाठ आहेत. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येणे हे आयुष्यभर ड्युटीवर केले, ते आता सुट्टीतही का करायचे, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय बातल ते छतरू हा टप्पा आपणच चालवणार, असेही त्यांनी जाहीर करून टाकले आहे.

त्यामुळे माझे प्रश्न दोन आहेत. ही गाडी त्या वाटेवर न्यावी का? आणि नेली, तर स्टिअरिंग बाबांकडे द्यावे का?

तिसरा_गिअर

मी या वाटेने दोनदा गेलो आहे आणि त्यातली एक खेप तुमच्यासारख्याच हॅचबॅकने केली होती. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘न्यावी’ असे आहे, पण कोणती गाडी आहे यापेक्षा बातलच्या पुढे तुम्ही किती वाजता असाल, हे तिथे जास्त महत्त्वाचे ठरते.

काझा ते लोसर हे सुमारे ५७ किलोमीटर अंतर त्रासाचे नाही. लोसरनंतर कुंझुमची चढण लागते. खिंड साडेचार हजार मीटरच्या थोडी वर आहे आणि तिथून वळणावळणाने उतरून आपण चंद्रा नदीच्या काठी बातलला येतो. खरी परीक्षा त्यानंतरच्या ग्राम्फूपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये असते. काही ठिकाणी रस्ता म्हणजे नदीपात्रातल्या गोट्यांची नुसती रास असते आणि डोंगरावरून येणारे नाले पुलाबिलाची वाट न पाहता सरळ रस्त्यावरून वाहतात. हे पाणी हिमनद्यांच्या वितळण्याचे असल्यामुळे त्याचे वेळापत्रक सूर्याच्या हाती असते. रात्रभर गारठल्याने ते पहाटे सर्वांत कमी असते, दहा-अकरानंतर चढू लागते आणि दुपारनंतर त्याच नाल्यात जीपसुद्धा थबकते. सकाळी सात वाजता मी चहाचा कप हातात धरून दगडांवरून ओलांडलेल्या एका नाल्यात दुपारी दोन वाजता एक मोठी गाडी आडवी अडकलेली पाहिली आहे.

म्हणून मुक्काम काझाला न करता लोसरला करावा आणि पहाटे पाचला निघावे. लोसर ते बातल तीसेक किलोमीटरच आहे, त्यामुळे सातच्या आसपास तुम्ही पहिल्या नाल्यापाशी असाल. पेट्रोलची टाकी मात्र काझालाच काठोकाठ भरून घ्या, कारण पुढे या वाटेवर पंप नाही.

दोन_तिकिटे

चालक आहे, प्रवासी आहेत, मार्गफलकही तयार आहे. पण या गाडीला कंडक्टर कोण? बेल दिल्याशिवाय एसटीचा माणूस गाडी हलवणार नाही, एवढे आम्हालाही ठाऊक आहे.

ऑइलचेंबर

तिसरा_गिअर यांच्या वेळेच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण गाडीचे महत्त्व त्यांनी फारच कमी लेखले आहे. माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि या वाटेवरून परतलेल्या गाड्या खालून कशा दिसतात, हे मी दरवर्षी पाहतो. त्यांत माझीही एक होती. बातल आणि छतरूच्या मधल्या छोटा दडाच्या अलीकडे एका खड्ड्यातून गाडी बाहेर काढताना ‘टण्ण’ असा एकच आवाज आला आणि अर्ध्या किलोमीटरनंतर ऑइलचा दिवा लागला. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला करंगळीएवढी चीर गेली होती. आम्ही ती पुसून कोरडी केली, कपडे धुण्याचा साबण मळून तिच्यात दाबला, वरून एम-सील लावले आणि ते घट्ट होईपर्यंत चंद्रेकडे पाहत दीड तास बसून राहिलो. सोबत ऑइलचा जादा डबा होता म्हणून मनाली गाठता आले. तो नसता तर इंजिन जाम झाले असते आणि गाडी ट्रकवर चढवून खाली आणावी लागली असती.

तेव्हा निघण्यापूर्वी इंजिनाखाली लोखंडी पत्र्याचे संरक्षक कवच बसवून घ्या. प्लॅस्टिकचे कव्हर काही कामाचे नाही. नाला आला की चालकाशिवाय सगळ्यांनी खाली उतरावे. दोन माणसे उतरली की मागची बाजू बोट-दोन बोटे उचलली जाते आणि बऱ्याचदा तेवढेच पुरते. पाण्यात पहिला गिअर टाकावा, क्लचवरून पाय पूर्ण काढावा आणि वेग एकसारखा ठेवावा. हाफ क्लचवर गाडी रेटणारे लोक क्लच प्लेट जाळतात आणि मग गाडीला दोष देतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी पाण्यात बंद पडली आणि पाणी एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पोहोचले असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असेल तर पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दोरीने ओढून सुटणारी अडचण इंजिन उघडण्यावर जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कुंझुमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के असतो. टर्बो नसलेले तुमचे पेट्रोल इंजिन त्याच प्रमाणात मरगळेल. चढावर गाडी ओढत नाही म्हणून घाबरू नका. ती बिघडलेली नसते, तिलाही धाप लागलेली असते.

बुलडोझर

हॅचबॅक वगैरे विचारच सोडून द्या. फोर बाय फोर भाड्याने घ्या आणि पाणी उडवत मजेत जा. त्या वाटेची खरी गंमत तिथेच आहे.

बाभूळबन

बुलडोझर, ज्या पाण्यात आपण गंमत शोधतो ते पुढे खालच्या गावांना प्यायला लागते. कुंझुमजवळच्या चंद्रताल तळ्याला तर २००५ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा आहे. गाडी वाहनतळावर ठेवून तळ्यापर्यंत पायी जायचे आणि तळ्याकाठी तंबू ठोकायचा नाही, असा तिथला नियम आहे. तरीही गवतावर चाकांच्या खुणा दिसल्या की मनाला लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. माझा अनुभव सप्टेंबर २०१८ चा आहे. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याअखेर लाहौल-स्पितीत अवकाळी हिमवर्षाव झाला आणि शेकडो प्रवासी अडकले, हे अनेकांना आठवत असेल. आम्ही सहा जणी तेव्हा बातलच्या एका ढाब्यात होतो. आदल्या संध्याकाळी आकाश इतके स्वच्छ होते की आम्ही चांदण्या मोजत बसलो होतो. पहाटे जाग आली ती फावड्याच्या आवाजाने. छप्पर वाकू नये म्हणून ढाब्याचा मालक दर दोन तासांनी शिडीवर चढून पत्र्यावरचा बर्फ ओढून काढत होता. दार उघडले, तर दोन गाड्यांचे फक्त आरसे बाहेर दिसत होते. पुढचे चार दिवस राजमा-भात आणि बर्फ वितळवून केलेला, रॉकेलचा किंचित वास येणारा चहा यांवर निघाले. त्या कुटुंबाने आमच्याकडे एकदाही पैशांचा विषय काढला नाही. शेवटच्या दिवशी आम्हीच उशीखाली ठेवून आलो. पुढे हवाई दलाची हेलिकॉप्टरे त्या भागात येऊ लागली आणि आम्ही सुटलो.

हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही, कारण जुलैत असा बर्फ सहसा पडत नाही. मात्र ‘सहसा’ हा शब्दही तिथे जपून वापरावा लागतो, कारण जुलै २०२३ मध्येही चंद्रतालला अडीचशेहून अधिक लोक अडकले होते. गाडीपेक्षा तुमची रजा मोजून घ्या. परतीनंतर दोन दिवस मोकळे असतील तरच कुंझुमचा विचार करा. सोमवारी कार्यालयात हजर व्हायचेच आहे, असा माणूस दुपारी तीन वाजता नाल्यात गाडी घालतो.

नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून गाडीवर बोलत नाही. तुम्ही शिमल्याच्या बाजूने चढत आहात, ही या बेतातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. मनालीहून थेट चढणारे लोक एका दिवसात दोन हजार मीटरवरून साडेचार हजारांवर जातात आणि संध्याकाळी डोके धरून बसतात. तुमचा क्रम कल्पा, नाको, ताबो आणि काझा असा असल्याने शरीराला वेळ मिळतो. कल्प्याला एकाऐवजी दोन रात्री राहिलात तर आणखी बरे. काझाला किमान दोन रात्री काढल्याशिवाय कोमिक किंवा हिक्कीमला धावत जाऊ नका, कारण ती गावे आणखी सात-आठशे मीटर वर आहेत.

वडिलांची रक्तदाबाची गोळी चालूच ठेवावी, पण निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावे. उंचीच्या त्रासावरची अॅसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या; सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर मनानेच ती घेऊ नये. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र देऊ नका. नुसती डोकेदुखी असेल तर तिथेच थांबून विश्रांती घ्यावी. डोकेदुखीबरोबर चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचाही याच्याशी संबंध आहे. उंचीवर निर्णय घेण्याची गती मंदावते आणि ती मंदावली आहे, हे ज्याचे त्याला समजत नाही. वय ६७ असो वा ३७, ज्याची आदल्या रात्री झोप झालेली नाही त्याने सकाळी स्टिअरिंगला हात लावू नये.

कोरडा_ओढा

आल्या वाटेने परतणे म्हणजे सुरक्षित परतणे, हे येथे सर्वांनी गृहीतच धरलेले दिसते. त्याला माझा आक्षेप आहे. स्पिती पर्जन्यछायेत आहे, पण खालचे किन्नौर नाही. जुलैच्या मध्यावर रामपूर ते वांगतू या पट्ट्यात पाऊस पुरेपूर लागतो आणि तिथले डोंगर मुळात ठिसूळ आहेत. जुलै २०२१ मध्ये बटसेरीला दरडीचे दगड कोसळून पर्यटकांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच निगुलसरीला दरडीखाली बस गाडली गेली. वर नाकोजवळचा मलिंग नाला तर रस्ता गिळण्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्याला टाळण्यासाठी रस्ता आणखी उंचावरून न्यावा लागला. त्याआधी २००५ च्या जूनमध्ये तिबेटात पारेछू नदीवर दरडीने अडलेले पाणी फुटले, ते स्पिती नदीतून सतलजमध्ये उतरले आणि वाटेतले पूल, रस्ते घेऊन गेले.

बातलचा नाला निदान डोळ्यांसमोर असतो. तो पाहून माणूस थांबू शकतो. दरड वरून येते आणि ती गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स विचारत नाही.

ऑइलचेंबर

कोरडा_ओढा, मुद्दा मान्य आहे. पण किन्नौरमध्ये रस्ता बंद झाला तर तुम्ही एखाद्या गावात अडकता, तिथे दुकान असते आणि मेकॅनिक असतो. छोटा दडाला अडकलात तर फक्त वारा असतो.

तिसरा_गिअर

वारा आणि टिपर. रुंदीकरणाची कामे निघाल्यापासून त्या वाटेवर टिपर आणि जेसीबी दिसतात, आणि त्यांच्या चालकांइतके मदतीला तत्पर लोक मी इतरत्र पाहिलेले नाहीत. फक्त दोरी तुमच्याजवळ हवी. ओढणाऱ्याकडे ताकद असते, दोरी नसते.

पायवाट

कोणालाच हे सुचले नाही याचे नवल वाटते. हिमाचल परिवहनची बस हंगामात कुल्लू-मनाली ते काझा याच वाटेने धावते. निवृत्त एसटी चालकाला त्या बसच्या पुढच्या आसनावर बसवा. ते चालकाच्या हातांकडे पाहत राहतील आणि चालक तुमच्या वडिलांच्या चेहऱ्याकडे. गाडी काझालाच कोणाकडे तरी सोपवून...

दोन_तिकिटे

गाडी काझाला आणि मालक मनालीला, अशी विभागणी करून मग ती परत आणायला कोण जाणार? पायवाट, तुमचे वाक्य जिथे अर्धवट राहिले, नेमकी तिथेच अडचण आहे.

पायवाट

हे मात्र खरे आहे. वाक्य मागे घेतो, बस मागे घेत नाही.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. चेंबर आणि साबणाचा प्रसंग ऐकून त्यांनी मान डोलावली आणि पूर्वी महाडजवळ डिझेलच्या टाकीला आपणही साबणच लावला होता, असे सांगितले. ‘सोमवारी कार्यालयात हजर व्हायचे आहे’ हे वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले आणि माझ्याकडे पाहिले. कंडक्टरच्या प्रश्नावर ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, “सिंगल बेल मी देतो. डबलची घाई तू करू नकोस.” (एसटीने कधीच न गेलेल्यांसाठी सांगतो: एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.)

सध्या असे ठरवले आहे: इंजिनाखाली लोखंडी कवच बसवायचे, रजा तीन दिवसांनी वाढवायची आणि निर्णय काझाला पोहोचल्यावर तिथल्या चालकांना विचारून घ्यायचा. बातलच्या पुढे गाडी मीच चालवणार. बाबांनी हे मान्य केले आहे, म्हणजे अजून तरी नाकारलेले नाही.

नाडीपरीक्षा

निर्णय काझाला घेणार, हे उत्तम. निघण्याच्या आदल्या रात्री तिघांनाही झोप लागली का, एवढे मात्र विचारा.

बाभूळबन

आणि परत आल्यावर येथे लिहा. असे धागे बहुतेक वेळा प्रश्नावरच संपतात आणि पुढे काय झाले, या विचारात आम्ही वर्षभर राहतो.

उंबरठा

परत आलो. बाभूळबन यांची आज्ञा पाळून जरा सविस्तर लिहितो.

काझापर्यंतचा प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. कल्प्याला दोन रात्री राहिलो. ताबोला ९९६ साली स्थापन झालेला मातीच्या भिंतींचा मठ बाबांनी दोनदा पाहिला. १९७५ च्या भूकंपानंतरही त्या भिंती उभ्या आहेत म्हटल्यावर त्यांनी एका भिंतीला हळूच तळहात लावला. काझाला तीन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी बाजारात मनालीहून आलेल्या तीन चालकांना स्वतंत्रपणे विचारले. तिघांनीही वाट चालू आहे, पण सकाळी जा, असेच सांगितले. म्हणून लोसरला मुक्काम केला आणि पहाटे पाचला निघालो.

येथवर सगळे धाग्याप्रमाणे घडले. पुढे कुंझुमच्या चढणीवर एका ठिकाणी रस्त्यावर आलेला राडारोडा जेसीबीने बाजूला होईपर्यंत पावणेपाच तास थांबावे लागले. खिंडीत कुंझुम मातेच्या मंदिराला रिवाजाप्रमाणे गाडीने प्रदक्षिणा घातली आणि बातल ओलांडून पहिल्या मोठ्या नाल्यापाशी पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. जी वेळ टाळायला तुम्ही सर्वांनी सांगितले होते, नेमकी तीच.

नाला साधारण बारा पावले रुंद होता. पाणी राखाडी, पिठूळ होते आणि त्याच्या आतून दगड गडगडत गेल्याचा आवाज येत होता. पलीकडून आलेल्या दोन मोठ्या गाड्या आमच्यासमोर हेलकावे खात पार झाल्या. ते पाहून मला वाटले, आपणही जाऊ शकू. मागे आणखी चार गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि त्यातला एक जण हॉर्न वाजवत होता.

बाबा उतरले. त्यांनी काठावर जाऊन तीन गोटे उचलले. एक अगदी पाण्याच्या कडेला ठेवला, दुसरा त्यामागे वीतभर आणि तिसरा आणखी वीतभर मागे. मग शेजारच्या मोठ्या दगडावर रुमाल अंथरून बसले आणि घड्याळ पाहिले. मी विचारले तर म्हणाले, “सावित्रीच्या पुरात असेच करायचो.” दहा मिनिटांत पहिला गोटा बुडाला, पंचविसाव्या मिनिटाला दुसरा. तिसऱ्याच्या बुडाला पाणी लागल्यावर ते उठले, गाडीपाशी आले आणि टपावर एकदाच थाप मारली. सिंगल बेल.

ज्या माणसाला ही वाट हवी होती, त्यानेच ‘आज नाही’ म्हटल्यावर माझ्याकडे बोलण्यासारखे काही उरले नाही. आम्ही बातलला परतलो आणि ढाब्यात तीन रजया आणि एक कोपरा मिळाला. हॉर्न वाजवणारी गाडी मात्र पुढे गेली. ती नाल्यात बंद पडली, संध्याकाळी टिपरने ओढून बाहेर काढली आणि तिच्यातले चौघे रात्री आमच्याच शेजारी ओल्या मोज्यांसह बसून राजमा-भात खात होते. बाबांनी त्यांना एका शब्दानेही काही विचारले नाही. नाडीपरीक्षा, झोप तिघांनाही लागली. मला जरा उशिरा लागली, कारण बाबा घोरत होते.

सकाळी पावणेसहाला नाल्यापाशी आलो. तिन्ही गोटे जागच्या जागी, कोरडे होते आणि पाणी पहिल्या गोट्यापासून हातभर मागे सरकले होते. तळाचे दगड मोजता येत होते. पत्नी आणि सामान एका स्थानिक पिकअपमधून पलीकडे गेले. बाबा अलीकडेच थांबले, कोणत्या दोन दगडांमधून चाक न्यायचे ते त्यांनी काठीने दाखवले, मला पहिल्या गिअरमध्ये तयार ठेवले आणि टपावर दोन थापा मारल्या. मधोमध कवचाला एक दगड घासून गेला, तो आवाज अजूनही कानात आहे. ऑइलचेंबर, त्या पत्र्यावर आता वीतभर लांब पोच आहे आणि चेंबर शाबूत आहे. तुम्हाला जेवण देणे लागतो.

त्यानंतरच्या नाल्यांना साडेआठपर्यंत घोट्याहून जास्त पाणी लागले नाही. छतरूला चहा घेतला आणि अकराच्या आत ग्राम्फू ओलांडले.

ऑइलचेंबर

जेवण नको. त्या पोचेचा फोटो द्या, गॅरेजमध्ये लावतो. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक प्लॅस्टिकचे कव्हर पुरेल का, असे विचारते.

तिसरा_गिअर

पहाटे पाचला निघून दुपारी दीडला नाल्यापाशी, हे माझ्या वेळापत्रकात बसले नव्हते. जेसीबीचा हिशेब मी धरलाच नव्हता. यापुढे कोणाला सांगताना बातलचाच मुक्काम सुचवत जाईन. मात्र काझाला तीन-चार रात्री काढलेल्यांनाच, कारण ती जागा चार हजार मीटरच्या आसपास आहे.

कोरडा_ओढा

तीन गोट्यांची युक्ती वहीत लिहून ठेवली आहे. त्याच आठवड्यात खाली किन्नौरमध्ये काय स्थिती होती, हे कोणाला माहीत आहे का?

बाभूळबन

माझी बहीण त्या सुमारास तिकडून परतली. रामपूरच्या वर तिला एक रात्र गाडीतच काढावी लागली. तेव्हा तुमचा आक्षेप तिच्यापुरता तरी खरा ठरला आहे. उंबरठा, एक राहिलेच. बातल ढाब्यातले लोक बरे आहेत ना?

उंबरठा

बरे आहेत. तुमच्या सहा जणींची आठवण सांगितली. २०१८ मध्ये इतके लोक राहून गेले की नेमक्या कोण ते त्यांना सांगता आले नाही, पण उशीखाली पैसे ठेवणारे बरेच निघाले, असे म्हणून हसले.

दोन_तिकिटे

सगळे वाचले, पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिलेले नाही. बाबांनी अखेर गाडी चालवली की नाही?

उंबरठा

चालवली. ग्राम्फूच्या पुढे कोकसरला जागा बदलली आणि तिथून मनालीपर्यंत तेच चालवत आले. आता रोहतांगचा घाट येणार म्हणून त्यांनी बाह्या वर सारून घेतल्या होत्या. रोहतांगच्या खालून जाणारा अटल बोगदा नऊ किलोमीटरचा आहे, हे मी त्यांना आधी सांगितले होते, पण त्यांनी ते बहुधा मनावर घेतले नसावे. दहा-बारा मिनिटांत आम्ही पलीकडे हिरव्या उतारावर बाहेर पडलो. त्यांनी गाडी कडेला घेतली, मागे वळून बोगद्याच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, “मग घाट कुठे गेला?”